अंगणातल्या सागवानी बाकाला पावसाळ्याआधी काय लावावं?

हे काम मे महिन्यातच उरका, कारण तेव्हा लाकूड आतपर्यंत सुकलेलं असतं. ओलसर लाकडावर काहीही लावलं तरी टिकत नाही.

सुतार सवयीने चपड्याचं, म्हणजे लाखेचं पॉलिश सुचवेल, पण ते नको. घरातल्या कपाटाला ते शोभतं. अंगणात पाणी लागलं की त्यावर पांढरे डाग पडतात. जुनं पॉलिश १२० नंबरच्या पॉलिशपेपरने काढा, मग १८० ने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. धूळ पुसून डबल बॉइल्ड (लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं, तयार मिळणारं) जवसाचं तेल पातळ चोळा आणि थोड्या वेळाने वर उरलेलं पुसून घ्या, नाहीतर चिकट थर राहतो. कोकणासारख्या दमट हवेत मात्र जवसावर काळी बुरशी धरते. तिथे बाहेरच्या वापराचं बुरशीरोधक वूड ऑइल घ्या.

तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात अजिबात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं! पाण्यात भिजवून, पसरून मोकळ्यावर वाळवा.

खरा घात होतो पायांच्या तळाशी. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि साचलेलं पाणी वर ओढतात. बाक आडवा करून तळाला तेल पीत राहील तोवर पाजा, आणि पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा.

बाकाला ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, खालून वारा खेळू द्या. उन्हाने सागवान राखाडी झालं तर काळजी करू नका. तो रंग वरवरचाच असतो, घासला की निघतो.