पुरून ठेवलेला तालान्त

ताई, सप्रेम सलाम.

आपले पत्र मी दोनदा वाचले. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा आपला मुलगा बी.कॉम. करता करता सीए फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला बसला, अकाउंटिंगमध्ये 31 गुण मिळाल्याने राहिला आणि त्यानंतर सकाळी दहाच्या आधी त्याने अंथरूण सोडलेले नाही. त्याचे पुस्तक उन्हाळ्यापासून कूलरवर पडून ओलाव्याने फुगले आहे. बायबलमधील नीतिसूत्रांतले, आळशाला मुंगीकडून शिकायला सांगणारे वचन आपण पलंगासमोर चिकटवले असून रोज मोठ्याने वाचताही, आणि आळस हे पाप आहे हे त्याला कसे पटवावे, असे विचारता.

मला वाटते, ते त्याला केव्हाच पटले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 25व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दृष्टांतातला तिसरा दास आठवा. धन्याने दिलेला तालान्त त्याने जमिनीत पुरून ठेवला. तालान्त ही लहानसहान रक्कम नव्हे. सहा हजार दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. (आपण मुलांच्या बाबतीत सर्रास वापरतो तो ‘टॅलेंट’ शब्द इथूनच आला.) धनी त्याला आळशी म्हणतो, पण तो दास स्वतः काय म्हणतो? ‘मी भ्यालो.’ नीतिसूत्रांतला आळशीही बाहेर सिंह आहे म्हणून घरात बसतो. ज्याला नापास होणे ठाऊकच नव्हते अशा मुलासाठी ते पुस्तक म्हणजे तो सिंह आहे, आणि रोज सकाळी कानावर पडणारे वचन त्या सिंहाला आणखी मोठे करते. तो कागद कृपया काढून ठेवा.

याचा अर्थ भीती वाटली म्हणून सगळे माफ, असा नाही. धन्याने दासाला सोडलेले नाही. पण त्याने दासाकडून किमान काय अपेक्षिले होते, तेही पाहा: निदान सावकाराकडे ठेवायचे होते, व्याज तरी मिळाले असते. म्हणून चारही पेपरांचे भले मोठे वेळापत्रक आज आखू नका. प्रत्येक पेपरात 40 आणि एकूण 50 टक्के हवेत, हे त्याला माहीत आहे. पहिले दोन आठवडे सकाळी सात वाजता, ऊन तापण्याआधी, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून त्याने अकाउंटिंगचे एकच उदाहरण वहीत स्वतःच्या हाताने पूर्ण सोडवावे. चुकले तरी त्या दिवशी दुसरे घेऊ नये. तिसऱ्या आठवड्यात दोन. रविवारी काही नाही, कारण दहा आज्ञांपैकी चौथ्या आज्ञेत विसावा आहे तसे सहा दिवसांचे श्रमही आहेत, आणि दिवसभर लोळणाऱ्याला खरा विसावा मिळतच नाही.

त्याला इंग्रज मिशनरी विल्यम केरींबद्दल अवश्य सांगा, उपदेश म्हणून नव्हे, गोष्ट म्हणून. चांभारकाम शिकलेल्या या माणसाने बंगालमधील सेरामपूरला बसून मराठी भाषा आत्मसात केली आणि 1811 मध्ये मराठी नवा करार छापला. पुढच्याच वर्षी, मार्च 1812 मध्ये, तिथल्या छापखान्याला आग लागून अनेक भाषांतील कामाची हस्तलिखिते जळून गेली. केरींनी ती कामे पुन्हा हाती घेतली.

एक काळजी मात्र घ्या. त्याची भूक मंदावली असेल, मित्रांशी बोलणे तुटले असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर प्रथम मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. तिथे जाणे विश्वासाच्या आड येत नाही.

आपण लिहिता की येशू घरी आला असता एकटीच कामात गुंतलेल्या मार्थेप्रमाणे आपण घरात एकट्याच राबता. मग त्याच्याकडे घरातले रोजचे एक काम सोपवा, शक्यतो कूलरमध्ये पाणी भरण्याचे. वर ठेवलेले पुस्तक त्याला त्या वेळी हलवावेच लागेल. दोन आठवड्यांनी काय झाले, ते मात्र मला त्यालाच लिहू द्या.