नुसतं डीएफ बघून निश्चिंत होऊ नकोस

हे बघ, सर्व्हरवर डीएफ या कमांडला हायफन एच लावलं की डिस्कवर किती जागा उरलीय ते कळतं. डिस्क धडधाकट आहे का, ते नाही कळत. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क जोडून एकत्र वापरायची सोय) असेल तर प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल कॅट कमांडने उघडून बघ. दोन डिस्कच्या मिररला, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा असेल तेव्हा, चौकटी कंसात 'यूयू' दिसलं की ठीक. एका यूच्या जागी अंडरस्कोर आला, म्हणजे एक डिस्क बाहेर पडलीय आणि सगळा भार दुसरीवर आहे. गंमत अशी की सर्व्हर तरीही मजेत चालत राहतो. मी एकदा तीन आठवडे असाच गाफील होतो.

'जागा शिल्लक नाही' अशी एरर येतेय आणि डीएफ तर 40 टक्के मोकळं दाखवतंय? डीएफला हायफन आय लावून बघ, आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपले असतील. सेशनच्या लाखो चिल्लर फाइल्स हे नेहमीचं दुखणं. मोठा लॉग उडवूनही जागा सुटत नसेल, तर कुठल्या तरी प्रोसेसने तो उघडा धरून ठेवलाय. उघड्या फाइल्स दाखवणाऱ्या एलएसओएफ कमांडने ती शोध आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट कर.

आणि हो, खराब डिस्क काढण्याआधी सिरियल नंबर दोनदा जुळव. घाईत धडधाकट डिस्कच उपटलीस तर बॅकअप शोधत बसशील.