बडोद्याहून चार दिवस पुण्याला जातोय. तिथलीच क्राफ्ट बिअर चांगली कुठे मिळेल?

मुंढवा-कोरेगाव पार्कच्या पट्ट्यापासून सुरुवात करा. मीही बडोद्याच्या दांडिया बाजारातलाच, पुण्याला गेलो की मुंढव्याच्या इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनीत एक संध्याकाळ ठरलेली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (म्हणजे थोडी-थोडी क्राफ्ट बिअर स्वतःच बनवणाऱ्या छोट्या जागांपैकी) डूलाली २००९ साली पुण्यातच सुरू झाली, म्हणजे शहर तुम्ही योग्य निवडलंय.

नावापेक्षा ताजेपणा बघा. ही बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, त्यामुळे उन्हात, प्रवासात लवकर बिघडते. जिथे बिअर बनवायच्या टाक्या समोर दिसतात तिथे बसा आणि वेटरला सरळ विचारा, "या आठवड्यात कोणती नवीन काढलीय?" त्याला सांगता आलं नाही, तर मी उठतो. लगेच मोठा ग्लास मागवू नका. बऱ्याच ठिकाणी चार-पाच छोट्या ग्लासांचा सँपलर मिळतो. पहिल्यांदाच पीत असाल तर गव्हाची हेफेवाइझेन घ्या. तिला केळं-लवंगेसारखा वास येतो, तो यीस्टचा. वरून काही घातलेलं नसतं. कडू चालत असेल तरच आयपीए (इंडिया पेल एल) ही जास्त कडवट बिअर.

वयाचा पुरावा जवळ ठेवा, परतायला रिक्षा-कॅब करा. आणि मित्रांसाठी म्हणून एकही बाटली बॅगेत टाकू नका. आपल्याकडे गुजरातेत दारूबंदी आहे, हद्दीवर गाड्या तपासतात.