घरच्या मल्टिमीटरने मासा ताजा आहे की शिळा, ते कळेल का?

नाही. मल्टिमीटर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह सोडतो, तुम्ही मोजाल ते कातडीवरचं खारं पाणी. त्यासाठी टॉरीमीटर असतो, 1970 च्या दशकात स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधल्या टॉरी संशोधन केंद्रात तयार झालेला. तो एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह सोडतो आणि पेशींची आवरणं किती शाबूत आहेत ते बघतो. मासा शिळा होत जातो तशी आवरणं फुटतात, आकडा उतरतो.

पण आवरणं फक्त शिळेपणानेच फुटतात का? इथेच माझं आणि आमच्या साहेबांचं वाजलं होतं.

रत्नागिरीत एका मासळी कंपनीत क्वालिटीला होतो. मिरकरवाडा बंदरावर रात्री एका नाखव्याच्या होडीतून उतरलेला बांगडा, बारा क्रेट, चिल रूममध्ये ठेवला. सकाळी मीटर लावला तर 4. साहेब म्हणाले, "शिळा आहे, नाखव्याला कळव, निम्मा भाव." मी कल्ला उचलून दाखवला, लालभडक. डोळा फुगीर. वासाला नुसता समुद्र. साहेबांचं एकच, "आकडा खोटं बोलत नाही."

मग मी त्याच क्रेटच्या तळातला बांगडा काढला. 13! वरचा थर पंख्यासमोर होता, थर्मोस्टॅट बिघडला होता, रात्रीत तो थर गोठला आणि पहाटे सुटला. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून गोठून सुटलेल्या माशाला आकडा पडतोच, मग तो तासाभरापूर्वी पकडलेला का असेना. क्रेटखाली चेंगरलेल्याचंही तेच. हे सांगितलं तर "तू नाखव्याचा वकील आहेस का?"

तेव्हा मशीन घ्यायचा विचार असेल तर आधी कल्ला बघायला शिका. आमची आई मासळीच्या पाटीवर विकायला बसायची, तिने मीटरचं नावही ऐकलं नव्हतं आणि तिला कोणी फसवलं नाही.

मीटर टाकाऊ नाही, हेही सांगतो. ब्लास्ट फ्रीझरमध्ये गोठवलेली सुरमई वितळवून 'ताजी' म्हणून विकणारा त्यात पटकन सापडतो. कातडीसकट मासा हवा, बर्फातला थंड हवा, एकाच जातीचे पाच-दहा मासे मोजून सरासरी काढायची, बांगड्याचा आकडा पापलेटला लावायचा नाही. एका माशावर बारा क्रेटचा निकाल तर मुळीच द्यायचा नाही.

नाखव्याला निम्माच भाव मिळाला. थर्मोस्टॅट दुसऱ्या दिवशी गुपचूप बदलला.