सोलापुरात एक फुटी टाकीत काय पाळावे?

आपला प्रश्न असा आहे : जुळे सोलापुरातील फ्लॅटमध्ये एक फूट लांब, आठ इंच रुंद आणि आठ इंच उंच अशी काचेची टाकी आहे, दुकानदार गोल्डफिशची जोडी घ्या म्हणतो आहे, मुलीला घरात काहीतरी जिवंत हवे आहे, तर नेमके काय आणावे?

मी याच शहरात गेली काही वर्षे लहान टाक्या सांभाळतो आहे आणि अनुभवाअंती माझे मत ठाम झाले आहे. आठ ते दहा चेरी श्रिम्प, म्हणजे गोड्या पाण्यातील लाल बारीक कोळंबी, सोबत दोन-तीन रॅम्सहॉर्न जातीच्या पाणगोगलगायी आणि भरपूर मॉस, म्हणजे पाण्यात वाढणारी शेवाळासारखी मऊ वनस्पती, एवढेच आणावे. मासा एकही आणू नये.

आपल्या टाकीचे माप काढले तर ती काठोकाठ भरून साडेबारा लिटरची होते. तळाची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी नऊ-दहा लिटरच उरते. गोल्डफिश दुकानात दोन इंचांचा दिसतो, पण नीट वाढला तर सहा इंचांच्या पुढे जातो, दहा वर्षे सहज जगतो आणि पाणी फार लवकर घाण करतो. दहा लिटरमध्ये तो वाढत नाही, खुरटतो आणि बहुतेकदा काही महिन्यांत मरतो. गप्पी टिकतात, परंतु मादी साधारण दर महिन्याला पिले देते आणि मग ती कोठे ठेवायची हा प्रश्न उभा राहतो. कृपया त्याचे उत्तर सिद्धेश्वर तलाव किंवा संभाजी तलाव हे नसावे. घरातला कोणताही जीव तलावात सोडू नये. फायटर मासा हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून तो पेल्यातही विकायला ठेवलेला असतो, पण त्यालाही एकट्याला किमान पंधरा-वीस लिटर पाणी द्यावे असे मला वाटते. दुकानात मिळणारे हिरवे इवलेसे कासव मोठे होऊन जवळजवळ एक फुटाचे होते, आणि आपल्याकडची देशी कासवे पाळण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मनाई आहे, त्यामुळे तोही विचार सोडून द्यावा.

आता खरा प्रश्न सोलापूरच्या उन्हाळ्याचा आहे. चेरी श्रिम्पला २० ते २७ अंशांचे पाणी मानवते. तिशी ओलांडली की तिचे हाल सुरू होतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि वरच्या मजल्यावरच्या घरात दहा लिटर पाणी तापायला वेळ लागत नाही. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी हे गांभीर्याने घेतले नव्हते. मे महिन्यातल्या एका दुपारी टाकीतला तापमापक ३३ अंश दाखवत होता आणि एरवी तळाशी चरणाऱ्या साऱ्या श्रिम्प पाण्याच्या पृष्ठभागाशी, मॉसच्या शेंड्यांना धरून बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बारापैकी सात गेल्या. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी जे करतो ते माठाच्याच न्यायाने चालते. टाकी खिडकीपासून दूर, घरातल्या सर्वांत थंड भिंतीलगत ठेवतो, झाकणाऐवजी जाळी लावतो आणि होळीनंतर एक छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा बसवतो. आपली हवा कोरडी असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी तीन-चार अंशांनी उतरते. मात्र रोज पेला-दोन पेले पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार मागेच राहतात. ही उणीव नळाच्या पाण्याने भरली तर पाणी दिवसेंदिवस जड होत जाते. म्हणून उडालेले पाणी फक्त आरओच्या पाण्याने भरावे. पाणी बदलताना मात्र नुसते आरओ वापरू नये, कारण कात टाकून नवे कवच धरायला श्रिम्पला कॅल्शियम लागते. साध्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, २०० ते ३०० आला तर उत्तम. बोअरचे पाणी, ज्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, त्यात आरओ मिसळून ते या मापात आणता येते.

नळाला रोज पाणी येत नाही ही आपली नेहमीची तक्रार, पण इथे साठवण्याची सवयच उपयोगी पडते. पाणी सुटलेल्या दिवशीचे ताजे पाणी टाकीत घालू नये. ते उघड्या बादलीत निदान एक दिवस ठेवले की त्यातला क्लोरीन निघून जातो. तुरटी फिरवलेले किंवा तांब्याच्या हंड्यातले पाणी मात्र अजिबात वापरू नये. तांबे कोळंबीच्या जातीला विषासमान आहे, आणि माशांच्या अनेक औषधांतही ते असते. श्रिम्पच्या टाकीत कोणतेही औषध त्यावरचे घटक वाचल्याशिवाय घालू नये.

याहून मोठा धोका डासांच्या औषधाचा आहे. कोळंबी ही कीटकांची दूरची नातलग असल्यामुळे जे डासाला मारते ते तिलाही मारते. ज्या खोलीत टाकी आहे तिथे डासांचे लिक्विड मशीन किंवा झुरळांचा स्प्रे वापरू नये, आणि पावसाळ्यात गल्लीत धूर फवारणी होते तेव्हा खिडक्या लावून, टाकीवर ओले कापड टाकून हवेचा पंप तासभर बंद ठेवावा, कारण तो पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो.

टाकी मांडल्यावर लगेच जीव सोडू नयेत. विष्ठा आणि उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो, त्याचे नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावावा, मॉस आणि दुकानात मिळणारी हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती सोडावी, मनीप्लांटची एखादी फांदी मुळे पाण्यात राहतील अशी अडकवावी आणि रिकाम्या टाकीत दोन-तीन दिवसांआड चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहावे. तपासणीच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच श्रिम्प आणाव्यात. आणल्यावर पिशवी एकदम ओतू नये. हवेच्या नळीला गाठ मारून थेंब-थेंब पाणी पिशवीत सोडत तास-दीड तास द्यावा.

पुढे काम थोडेच उरते. आठवड्याला दोन लिटर पाणी बदलावे. खाद्य एक दिवसाआड, तासाभरात संपेल एवढेच द्यावे. उकडलेल्या दोडक्याची पातळ चकती त्यांना फार आवडते, आणि देशी बदामाचे झाडावरून गळलेले वाळके पान स्वच्छ धुऊन टाकले तर त्यावर त्या आठवडाभर चरत राहतात. गोगलगायी फार वाढल्या तर त्यांचा दोष नसतो, आपण खाद्य जास्त घालतो आहोत एवढाच त्याचा अर्थ असतो.

मुलीला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी. एखाद्या सकाळी तळाशी श्रिम्पचा पारदर्शक, रिकामा सांगाडा मिशांसकट पडलेला दिसेल. ते मेलेले जनावर नसते, ती तिची कात असते. ती काढू नये, बाकीच्या श्रिम्प ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात.

आपण हे श्रावणात विचारले आहे, ही चांगली वेळ आहे. गौरी-गणपतीच्या सुमारास टाकीत पाणी भरले तर दिवाळीपर्यंत ती तयार होते आणि उन्हाळा लागण्याआधी श्रिम्पना स्थिरावायला चार महिने मिळतात. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एखाद्या मादीच्या पोटाखाली मोहरीपेक्षा लहान, पिवळसर अंड्यांचा झुबका दिसण्याची बरीच शक्यता आहे. ती मागच्या छोट्या पायांनी त्यांना सतत वारा घालत असते. भिंग लावून पाहिले तर ते स्पष्ट दिसते. तिथून साधारण तीन-चार आठवड्यांनी मॉसमध्ये पिले शोधावीत.