ऑनलाइन फिश शूटिंग गेममध्ये खरे पैसे लावून कोणी कमावतं का? कुठले मासे मारले तर परवडतं?

नाही, कमावत नाही कोणी. या गेममध्ये पडद्यावर फिरणाऱ्या माशांवर गोळ्या मारायच्या. प्रत्येक गोळीला पैसे जातात, आणि मासा फुटला तर गोळीच्या किमतीच्या ठरलेल्या पटीत पैसे मिळतात. तुम्ही लिहिलंय की तुम्ही चौघं मित्र एकाच टेबलावर बसणार, मिळून मोठा मासा मारणार, आणि ॲप ३,००० च्या रिचार्जवर ३,००० बोनस देतंय. बारका मासा मारा नाहीतर ड्रॅगन, चौघं मारा नाहीतर एकटे, हिशेब तोच येतो. मी हे वहीत रेघा मारून मोजलेलं आहे, म्हणून एवढं ठामपणे लिहितोय. आणि मोजायची वेळ का आली, ते सांगितल्याशिवाय मला पुढं लिहिताच येणार नाही.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. पार्ट उचलायचा, गेजमध्ये घालायचा, ओके की रिजेक्ट बघायचं, शीटवर रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. आठ वर्षं हेच करतोय.

२०२४ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा चुलतभावानं, दादानं, हा गेम दाखवला. त्याच्या फोनची काच उजव्या कोपऱ्यात, जिथं गोळी मारायचं बटण येतं तिथं, घासून धुरकट झाली होती. त्यानं माझ्यासमोर अर्ध्या तासात ९०० रुपये काढले आणि ते लगेच त्याच्या खात्यात आले. मीही ५०० टाकले, ७०० झाले. ते २०० रुपये मला फार महागात पडले.

फेब्रुवारीत माझी भिशी लागली. आम्ही बारा जण, महिन्याला ५,०००, म्हणजे हातात ६०,०००. ते पैसे कशाचे होते ते ठरलेलं होतं. आण्णांच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर जळाली होती, उन्हाळी भुईमूग नुकता उगवून वर आला होता. मोटर, स्टार्टर, केबल, आणि उरलेल्यातून मार्चअखेरच्या आत सोसायटीचं व्याज. मी काय केलं, तर म्हटलं यातले दहा हजार फिरवून बघू, व्याजाचं तरी निघेल.

सेकंड शिफ्ट सुटून खोलीवर यायला साडेबारा व्हायचे. पार्टनर झोपलेला, मी पांघरुणात फोन घेऊन. चार रात्री. तिसऱ्या रात्रीचं मला अजून जसंच्या तसं दिसतं. २० रुपयांची गोळी, ड्रॅगनवर लॉक, म्हणजे नेम त्याच्यावरच बांधलेला, आणि ऑटो चालू, म्हणजे गोळ्या आपोआप सुटत राहतात. ड्रॅगन २०० पटीचा. डावीकडून आला, वळसा घालून खाली गेला, प्रत्येक गोळीला लालसर व्हायचा, मला वाटायचं आता फुटतोय. दीड मिनिटात ३४० गोळ्या गेल्या. ६,८०० रुपये. तो पडद्याच्या कडेला पोचला आणि समोरच्या खुर्चीवरच्या कोणीतरी पाचसहा गोळ्या मारल्या, आणि ड्रॅगन त्याला फुटला. सगळ्या पडद्यावर नाणी उडाली, ती त्याच्या खुर्चीकडे गेली. मी मऊ केलेला मासा त्यानं पळवला, असंच मला वाटलं. त्या रागात मी पहाटेपर्यंत खेळलो. दुसऱ्या दिवशी गेज हातात घेऊन उभा असताना लक्षात आलं, की ड्रॅगन मला फुटला असता तरी ४,०००च मिळाले असते. ४,००० च्या वस्तूसाठी ६,८०० घातले आणि ती दुसऱ्यानं नेली म्हणून चिडून आणखी घातले. मी, ज्याचं पोट मोजण्यावर चालतं.

चौथ्या रात्री भिशी संपली. आण्णांचा फोन आला, दुकानदार मोटर चार दिवस राखून ठेवतो म्हणाला. मी सांगितलं भिशीचा नंबर पुढं गेला. मामांकडून हातउसने घेऊन मोटर बसेपर्यंत सोळा दिवस गेले. निम्मा भुईमूग वाळला.

हे सगळं एप्रिलमध्ये, जत्रेत, पारावर उघडं पडलं. मामा होते, आण्णा होते. आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "गेम वाईट नाही, याला खेळता येत नाही. ड्रॅगनच्या नादी कशाला लागायचं? बारके मासे टिपायचे, निशाणा धरून मारायचं, दोन हजार झाले की उठायचं. डोकं लागतं त्याला." लोकांनी मान डोलावली. पैसे गेल्याचं मी सहन केलं असतं. पण मी मूर्ख म्हणून हरलो आणि हा हुशार म्हणून जिंकतोय, हे गावाला पटलं, ते मला सहन झालं नाही.

म्हणून मे महिन्यात मी मोजलं. सगळ्यात बारकी गोळी १० पैशांची होती, तीच घेतली. १० पटीचा एकच मासा धरला. पहिल्या १,००० गोळ्या दादा सांगतो तशा मारल्या: लॉक बंद, नेम धरून, मासा पडद्याच्या मधोमध आला की, एक एक. पुढच्या १,००० ऑटोवर टाकल्या आणि फोन पलंगावर ठेवून फक्त रेघा मारल्या. दोन रविवार गेले. नेम धरून ९७ मासे मिळाले. न बघता ९४. २,००० गोळ्यांचे २०० रुपये गेले, १९१ माशांचे १९१ रुपये आले.

वही दाखवली तेव्हा दादा म्हणाला, नऊच रुपये गेले की मग, एवढं काय त्यात. खरी गोम इथेच आहे, आणि तुम्हीही इथेच नीट बघा. शंभराला साडेचार रुपये कापले जातात, हे ऐकायला काहीच वाटत नाही. पण ऑटोवर सेकंदाला चार गोळ्या सुटतात. २,००० गोळ्या म्हणजे सव्वाआठ, साडेआठ मिनिटं. गोळी ५ रुपयांची केली की तेवढ्यात १०,००० ची उलाढाल आणि ४५० रुपये खलास. तासाला ३,००० च्या वर. लॉटरीवाला एका तिकिटात जास्त कापतो, पण तो तुम्हाला सेकंदाला चार तिकिटं विकत नाही.

आतमध्ये काय चालतं, तेही सांगतो. माशाला जीव नसतो. म्हणजे अमुक गोळ्या बसल्या की मरेल, असं काही आत साठत नाही. प्रत्येक गोळी म्हणजे नव्यानं काढलेली एक चिठ्ठी. १० पटीचा मासा दर गोळीला दहात एकापेक्षा थोडा कमी वेळा लागतो, २०० पटीचा दोनशेत एकापेक्षा थोडा कमी. तो लाल होतो, थरथरतो, ते फक्त दाखवायला. माझ्या ३४० गोळ्या ड्रॅगनमध्ये जमा झालेल्या नव्हत्या आणि त्या खुर्चीवाल्यानं माझं काही पळवलं नव्हतं. २०० पटीवर ३४० गोळ्या कोऱ्या जाणं पाचातून एकदा तरी होतंच. ज्या मशीनवरून हे सगळं आलं, त्या तैवानच्या आयजीएस कंपनीच्या ओशन किंगसारख्या टेबलांभोवती माणसं खरोखर खांद्याला खांदा लावून उभी असतात. फोनवर बाकीच्या तीन खुर्च्यांवर माणूस आहे की प्रोग्राम, हे तुम्हाला कळायला मार्गच नाही.

मग तुमच्या चौघांचं काय? रमीत निदान समोरचा चुकला तर तुमचा फायदा असतो. इथं चौघंही एकमेकांविरुद्ध खेळतच नाहीत, चौघं वेगवेगळे कंपनीविरुद्ध खेळतात. मिळून मारलं की मासा लवकर मेल्यासारखा वाटतो, कारण चौपट गोळ्या जातात. पैसेही चौपट वेगानं जातात, आणि मासा ज्याच्या गोळीला लागला तोच घेतो, म्हणजे वर मैत्रीत भांडण.

बोनसचं गणित मी तुमच्या आकड्यांवर करून देतो. ३,००० अधिक ३,०००, अट समजा या सहा हजारांच्या वीसपट खेळायची. म्हणजे १,२०,००० च्या गोळ्या मारल्याशिवाय विड्रॉल नाही. त्यावर साडेचार टक्के म्हणजे ५,४००. सहा हजारांतले सहाशे हातात राहतील, तेही नशीब मधलं असेल तर. तुमचे तीन हजार होते.

कायद्याचं दादा एकच वाक्य सांगतो, गोव्यात मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत, मग हे कसं बेकायदा? गोव्याच्या बोटींना गोव्याच्या कायद्यानं परवाना आहे. तो आमच्या करमाळ्याच्या फोनला लागू नाही. दुसरं त्याचं म्हणणं, हा कौशल्याचा खेळ आहे. पूर्वी त्यावर कोर्टात वाद चालायचे, पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं पैसे लावायच्या खेळात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

शिक्षा नाही म्हणून खेळावं, असं नाही. उलट आता जे उरलंय ते टेलिग्रामवरून येणारी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये टाकायचं ॲप, आणि दर रिचार्जला नव्या माणसाच्या नावाचा यूपीआय. तिथं साडेचार टक्के कापतात की चाळीस, हे तपासणारं कोणी नाही. विड्रॉल मागितला की आधी टॅक्स भरा, आधी व्हीआयपी लेव्हल पूर्ण करा. मला तर मिळालेल्या पैशांनीही त्रास दिला. माझ्या खात्यात आलेले २,००० रुपये ज्या खात्यातून आले, त्यावर दुसऱ्या राज्यात सायबर तक्रार होती. माझं पगाराचं खातं होल्डवर गेलं. ऐन उधारी फेडायच्या दिवसांत पगार अडकला आणि मी ब्रँचमध्ये हेलपाटे घालत होतो.

आता काही गोष्टी मान्य करायला हव्यात. मॉलमध्ये मुलं टोकन घालून मासे मारतात, त्यावर माझा राग नाही, तिथं जाणारे पैसे आधीच ठरलेले असतात. माझी २,००० गोळ्यांची वही म्हणजे एका ॲपचा, एका माशाचा नमुना आहे. ९७ आणि ९४ मधल्या तीनच्या फरकाला काही अर्थ नाही, आणि दुसऱ्या ॲपमध्ये कपात कमीजास्त असेल. आणि दादा एका रात्रीत १८,००० जिंकला होता, तेही खरं आहे, मी स्क्रीन पाहिली आहे. तुमचे पैसे आधीच अडकले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, तक्रार लगेच करा, दिवस घालवू नका. आणि हात थांबतच नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी केला होता फोन. पलीकडच्या बाईंनी मला एकदाही मूर्ख म्हटलं नाही.

दोन हजार झाले की उठायचं, हा दादाचा नियमही तुमच्या कानावर येईल. उठून माणूस जातो कुठं? परवा परत तिथंच बसतो, आणि गोळ्यांची बेरीज चालूच राहते. म्हणून मी माझं बँकेचं स्टेटमेंट काढलं, नोव्हेंबर ते मे. गेलेले एका रकान्यात, आलेले दुसऱ्या. गेले ८३,४००, आले १९,२५०. तुमचे जे मित्र जिंकतोय म्हणून सांगतात, त्यांच्याकडे एवढंच मागा, आणि ते दाखवेपर्यंत रिचार्ज करू नका.

दादा, हे तूही वाचशील, मी लिंक पाठवतोय. वही माझ्याकडे आहे, पाडव्याला घेऊन येतो, पारावर सगळ्यांसमोर ठेवतो. तुझं स्टेटमेंट मी गेल्या जूनपासून मागतोय.