स्टेफीचा स्लाइस का तरंगत नव्हता?

प्रश्न : तेरा वर्षांची लेक टेनिसपटू स्टेफी ग्राफचे जुने सामने बघून एका हाताने बॅकहँड स्लाइस (हाताची मागची बाजू पुढे ठेवून, चेंडूला उलटी फिरकी देणारा कापीव फटका) मारते. चेंडू तरंगतो, समोरची मुलगी आरामात ठोकते. काय चुकतंय? आणि एवढ्या एका फटक्यावर स्टेफी 22 ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) जिंकली?
– एक पालक, कोपरी, ठाणे

उत्तर : नाही हो, मारक फटका तिचा फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका). स्लाइस खोल आणि बुटका पडायचा, समोरचीला चेंडू खालून उचलावा लागायचा. तेवढ्यात स्टेफी बॅकहँडच्या कोपऱ्यात सरकून फोरहँडला तयार! विम्बल्डनच्या गवतावर तो स्लाइस आणखी घसरायचा. तिथली 7 विजेतेपदं उगीच नाहीत. पण पॅरिसच्या मातीवरही (फ्रेंच ओपन) 6 आहेत, म्हणजे खरी कमाई चपळ पायांची. 1988 मध्ये चारही स्लॅम आणि सोलचं ऑलिंपिक सुवर्ण, हे एकाच वर्षात एकेरीत आजवर दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

आता लेकीचं. चेंडू तरंगतो तो बहुधा रॅकेटचा चेहरा (तारांची बाजू) फार उघडा, म्हणजे आकाशाकडे वळलेला राहिल्याने, किंवा चेंडू अंगाशी आल्यावर मारल्याने. ग्रिप कॉन्टिनेंटल (हातोडा धरतो तशी पकड) हवी. खांदा वळवून, डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरून खांद्याच्या उंचीवरून सुरुवात करायची. चेंडू पुढच्या पावलाच्या थोडा पुढे घ्यायचा. नुसतं खाली कापू नये, रॅकेट लक्ष्याकडे लांब जाऊ द्यावी. डावा हात मागे राहिला की खांदे लवकर उघडत नाहीत. नेटच्या वर दोन फुटांवर दोरी बांधा आणि मधल्या फटीतून वीस-वीस चेंडू काढून घ्या. आपल्याकडच्या घामट हवेत ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) वेळेवर बदला. मूठ सरकली की चेहरा आपोआप उघडतो.